सालोमेला सांगताना

८ जुलै, बुधवार

पाहुणे आले. हीथ्रोवरून येताना मिनीबस ट्रॅफिकमध्ये अडकली, जेवायची वेळ टळून गेली. पण उतरल्यावर कोणी जेवणाचं नाव काढलं नाही. आधी विचारलं, जिम कुठे आहे.

चार वेटलिफ्टर, एक मॅनेजर आणि एक कोच. पॅसिफिकमधल्या मोतुलेवा नावाच्या बेटाची ही टीम. नकाशात ते बेट शोधायला माझ्या नवऱ्याला, शशिधरला, भिंग लागलं. ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धांआधी त्यांचा सराव इथे बेसिंगस्टोकला, एका खासगी शाळेत. शाळेला सुट्टी लागलीय, त्यामुळे वसतिगृह रिकामं आहे.

मी त्यांची फिजिओ. मार्चमध्ये हॉस्पिटलमधून निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, आता फक्त बाग आणि वाचन. बाग गोगलगायींनी खाल्ली, आणि पुस्तक उघडलं की डोळा लागतो. त्यामुळे शाळेच्या बाईंनी विचारल्यावर मी लगेच हो म्हटलं. पुढे टीमबरोबर ग्लासगोलाही जायचंय.

कोचचं नाव सालोमे. माझ्याच वयाची असावी, साठीच्या थोडी पुढे. रुंद खांदे, पांढरी जाड वेणी. तिने शेकहँड केला तो सोडलाच नाही, माझ्या बोटांची पेरं दाबून बघितली आणि म्हणाली, "कामाचे हात आहेत." मला हसूच आलं. इतक्या वर्षांत माझी मुलाखत इतक्या झटपट कोणी घेतली नव्हती.

११ जुलै, शनिवार

टीममध्ये सगळ्यांची आशा लोसावर. चोवीस वर्षांची, सालोमेची भाची. बारला हात लावण्याआधी ती एकदा स्वतःशीच हसते. चार वर्षांची मुलगी आहे तिला, तिया. ती आजीजवळ राहिलीय, बंदराजवळच्या घरात. मालिश करताना लोसा मला फोनवर तियाचे व्हिडिओ दाखवते. एकात तिया उशी डोक्यावर उचलते आणि धाडकन टाकते, आईसारखी.

सालोमे मात्र कडक आहे. आज लोसाने सुरेख स्नॅच मारला, बार एका दमात थेट डोक्यावर. मी न राहवून टाळी वाजवली, "छान!" म्हटलं. सालोमेने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "छान नाही. बरोबर." आणि पुढचं वजन लावायला लावलं. अशा बाईच्या हाताखाली मी एक दिवस टिकले नसते.

घरी आले तर शशिधर शेडमध्ये. नोकरी संपल्यापासून हा माणूस त्या हॅम रेडिओवर जगभरच्या हौशी लोकांशी जितकं बोलतो त्याच्या निम्मंही माझ्याशी बोलत नाही. मागच्या अंगणातल्या अँटेनाबद्दल शेजाऱ्यांनी कौन्सिलला कळवलंय. खरं सांगायचं तर मी मनातून शेजाऱ्यांच्या बाजूची आहे.

१४ जुलै, मंगळवार

सकाळी वसतिगृहात गेले तर नाश्त्याला कोणी हात लावलेला नाही. मॅनेजर तावीता फोन घेऊन खिडकीपाशी उभा. मोतुलेवाजवळ समुद्राखाली ज्वालामुखी फुटला. मोठी लाट आली. समुद्रातली केबल तुटली, त्यामुळे ना फोन, ना इंटरनेट. विमानतळावर राख साचलीय, विमानं बंद. बातम्यांत अंतराळातून काढलेला एकच फोटो पुन्हा पुन्हा दाखवत होते: निळ्यावर एक करडा डाग. त्या डागाखाली सगळ्यांची घरं.

लोसा आईचा नंबर लावत होती. वाजत नव्हता. ती पुन्हा लावत होती.

आणि सालोमेने रोजच्या वेळेला शिट्टी वाजवली. "जिम," म्हणाली. मला धक्काच बसला. मुलं उठली आणि तिच्यामागे गेली, पण मी तिला बाजूला घेऊन म्हटलंच, "आज राहू दे ना." ती म्हणाली, "आज नाही तर मग काय करायचं? तू सांग, आज काय करू?" मी तिची वाट सोडली. पण म्हणून तिचं बरोबर ठरत नाही.

१५ जुलै, बुधवार

तावीताचं म्हणणं, नाव मागे घ्यावं आणि परत जावं. पण जाणार कसे? ऑकलंडच्या पुढे विमानच नाही. मग इथे राहून वाट बघायची, तर वजनं उचलत का बघू नये, असं सालोमेचं म्हणणं. दोघांचं त्यांच्या भाषेत बराच वेळ चाललं. शेवटी तावीताने हात टेकले.

शाळेत चांगली लाँड्री आहे, तरी सालोमेने सगळ्यांचे टॉवेल स्वतः हाताने धुतले. वाळत घातले, आणि वाळलेले पुन्हा धुतले. मी विचारलं तर म्हणाली, डाग राहिला होता. मला तर दिसला नाही. राग असा काढत असावी.

१६ जुलै, गुरुवार

आज लोसा टेबलावर पालथी झोपली होती, मी खांद्यावर काम करत होते. तोंड खाली असतानाच तिने विचारलं, "इरा, माझा खांदा कसा आहे?"

"उत्तम."

"वाईट आहे असं लिहून देशील?"

मी हात थांबवले.

"मी नाही म्हटलं तर मावशी कोसळेल," ती म्हणाली. "आणि मी उचलायला गेले तर मला तियाचं तोंड दिसतं. खांदा वाईट आहे असं तू म्हणालीस तर कोणाचाच दोष राहत नाही."

मी तिला म्हटलं, विचार करते. चुकीचा रिपोर्ट मी नोकरीत कधी दिला नाही. पण या पोरीला त्या बारखाली उभं करणं हेही मला जमेना. आणि सालोमे कोसळेल म्हणे! ती बाई दगडाची आहे. खांदा दुखतो म्हटलं तर ती फक्त दुसऱ्या खांद्याबद्दल विचारेल.

संध्याकाळी देविकाचा क्रॉयडनहून फोन. सगळं सांगितलं तिला. ऐकून म्हणाली, "आई, तू त्यांचा आई नाही आहेस. यू डोंट हॅव टू फिक्स इट." मी तिचं "त्यांचा आई" दुरुस्त केलं आणि विषय बदलला.

शशिधर जेवताना मध्येच उठून शेडमध्ये गेला. ताट तसंच.

१७ जुलै, शुक्रवार

सकाळी सातच्या सुमारास शशिधर चपला न घालता धावत स्वयंपाकघरात आला. पायजमा दवाने ओला. "इरा, मोतुलेवा!"

तीन दिवस तो तेच करत होता आणि मला पत्ताच नव्हता. न्यूझीलंडच्या एका हॅम रेडिओवाल्याशी त्याची जुनी ओळख. त्याने सांगितलं की मोतुलेवावर एक शाळामास्तर आहेत, त्यांच्याकडे रेडिओ आहे, गाडीच्या बॅटरीवर चालवतात. इथे सकाळ असते तेव्हा थोडा वेळ त्यांचा आवाज इंग्लंडपर्यंत पोहोचतो. आज पोहोचला. मास्तर म्हणाले, मी सगळीकडे चौकशी करून ठेवतो, तुम्ही उद्या नावं द्या.

"तुला कोणी सांगितलं हे करायला?" मी विचारलं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे दुसरं काय आहे करण्यासारखं?"

पोहे केले. आज त्याने सगळे खाल्ले.

१८ जुलै, शनिवार

लोसा आणि सालोमेला पहाटेच मी गाडीतून घरी आणलं. शेडमध्ये तिसरं माणूस मावत नाही. लोसाला स्टुलावर बसवलं, मी दारात, सालोमे माझ्यामागे बाहेर गवतात.

आधी नुसती खरखर. मग त्यात एक माणूस. थकलेला, पण शब्द स्वच्छ. शशिधरने लोसाच्या आईचं नाव सांगितलं. मास्तर म्हणाले, ती टेकडीवरच्या चर्चमध्ये आहे, नात तिच्या मांडीवर आहे, घर राहिलं नाही. लोसाने शशिधरचा दंड असा पकडला की त्याच्या हातातला माइक पडला. बाकीच्या मुलांच्या घरचेही सुखरूप आहेत. तावीताच्या भावाचा पाय मोडलाय. आवाज बुडायला लागला तेव्हा मास्तर म्हणाले, पलीकडच्या छोट्या बेटाची अजून खबर नाही, तिकडे होडी जाऊ शकलेली नाही.

मी वळून बघितलं तर सालोमे शेडपासून लांब गेली होती. घेवड्याच्या वेलापाशी उभी राहून गोगलगायींनी खाल्लेली पानं उलटून बघत होती. मी तिला आनंदाने मिठी मारली. ती म्हणाली, "पानांवर रात्री पाणी घालत जाऊ नकोस, सकाळी घाल."

बहीण सुखरूप आहे हे कळलं, पुढे तिने स्वतःच्या घरच्यांबद्दल काहीच विचारलं नाही. एकटीच असावी बहुधा. टीम हेच तिचं घर.

त्यांना सोडून आले तर शशिधर म्हणाला, "त्या कोचबाई काहीतरी विचारायला आल्या होत्या. विचारलं नाही."

"तुला कसं कळलं? तू तर पाठमोरा होतास."

त्याने खांदे उडवले. याला माणसांतलं कधीपासून कळायला लागलं?

२० जुलै, सोमवार

खोटा रिपोर्ट लिहायची वेळ आली नाही. लोसा स्वतःच म्हणाली, "उचलते. तिया मोठी झाल्यावर विचारेल, लाट आली तेव्हा तू काय करत होतीस?" मी सालोमेला सांगितलं, आता तरी पोरीचं कौतुक कर. तिने मान हलवली, पण माझं बोलणं तिच्यापर्यंत पोहोचलं की नाही कोण जाणे. हल्ली तिला एक गोष्ट दोनदा सांगावी लागते. आणि ती जेवताना बसत नाही. सगळ्यांना वाढत फिरते. मी चिडून तिच्या हातातला डाव काढून घेतला, तर माझ्याकडे अशी बघायला लागली की मी तो परत दिला.

२४ जुलै, शुक्रवार. ग्लासगो

काल उद्घाटन झालं. एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये आमची मूठभर माणसं. झेंडा लोसाकडे. मोतुलेवाचं नाव पुकारल्यावर जी गर्जना झाली, ती मी विसरणार नाही. लोकांनी बातम्या पाहिल्या होत्या. माझे डोळे भरून आले. सालोमे सरळ समोर बघत चालत होती.

शशिधर रोज सकाळी फोन करून मास्तरांचा निरोप सांगतो. मदतीचं जहाज पोहोचलं. पाणी मिळालं. आजकाल आम्ही फोनवर बरंच बोलतो. घरी असताना इतकं बोलत नाही, हे आत्ता लिहितानाच लक्षात आलं.

२८ जुलै, मंगळवार

काल लिहायला बसता आलं नाही. आज क्रमाने लिहिते.

काल लोसाचा दिवस होता. सकाळी मी नाश्त्याच्या रांगेत असताना शशिधरचा फोन आला.

"इरा, एकटी आहेस का?"

"एकटी कशी असेन? रांगेत आहे."

"मग बाहेर ये."

असं तो कधी बोलत नाही. मी ट्रे ठेवून बाहेर गेले. त्याने सांगितलं की छोट्या बेटावर अखेर होडी पोहोचली. सालोमेचे यजमान, इओआने, तिथल्या चर्चचं छप्पर दुरुस्त करायला गेलेले होते. लाट आली त्या दिवशी ते तिथेच होते. दोन दिवसांनी सापडले. तिथल्या लोकांनी त्यांना तिथेच पुरलं. मास्तरांनी नाव दोनदा सांगितलं, चूक व्हायला नको म्हणून.

 मी म्हटलं, "सालोमेला नवरा आहे?"

 शशिधर हळूच म्हणाला, "तिच्या बोटात अंगठी आहे, इरा."

मी जन्मभर लोकांचे हात तपासत आले. तिच्या हातात माझा हात होता पहिल्या दिवशी. मी बघितलंच नाही. मला ती बाई कडक दिसली, आणि मग मी दुसरं काही बघायच्या फंदातच पडले नाही. टॉवेल, वाढणं, घेवड्याची पानं, सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं, या वहीत माझ्याच अक्षरात आहे.

आता सांगायचं की स्पर्धेनंतर? तावीताला विचारलं. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तिने मला वाढवलंय," म्हणाला. "माझ्याकडून नाही होणार." मी ठरवलं, लगेच सांगायचं, लपवायचा अधिकार मला कोणी दिला? मग तिच्या खोलीपर्यंत गेले. आत ती लोसाची वेणी घालत होती, दोघी गुणगुणत होत्या. मी परत फिरले. सकाळभर बर्फ इकडून तिकडे नेत राहिले, ज्याची कोणालाच गरज नव्हती.

दुपारी स्नॅच झाला. लोसाने तीनपैकी दोन उचलले. मधल्या सुट्टीत सराव हॉलमध्ये सालोमे माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हात खडूने पांढरे.

"इरा, सकाळपासून तू माझ्याकडे बघत नाहीयेस."

मी वर बघितलं. तोंड उघडलं. तिने पंजा उभा धरला.

"आत्ता नाही. तिच्या तीन लिफ्ट राहिल्यात. त्या होऊ देत. मग मी बसते आणि ऐकते."

आणि ती लोसाकडे गेली. आवाज तसाच, शिट्टी तशीच.  मी भिंतीला टेकले.

क्लीन अँड जर्क. पहिली लिफ्ट झाली. दुसरीत बार डोक्यावर गेला आणि मागे पडला, हॉलभर आवाज घुमला. लोसा परत आली तेव्हा रडवेली होती. सालोमेने तिच्या मानेमागे हात ठेवला, कपाळाला कपाळ लावलं आणि काहीतरी सांगितलं. तिसऱ्यांदा तेच वजन. लोसा चालत गेली, बारकडे बघितलं, हसली. उचललं खांद्यापर्यंत. थांबली. मला वाटलं, संपलं. आणि मग वर, कोपर सरळ, पाय जुळवून उभी, स्थिर. पंचांचे तिन्ही दिवे पांढरे, लिफ्ट मान्य. सहावा नंबर, आणि तिच्या देशात आजवर कोणत्याही बाईने उचललं नव्हतं इतकं वजन. सगळे ओरडत होते. सालोमेने तिला घट्ट धरलं, मग हळूच सोडवून पत्रकारांकडे पाठवलं आणि माझा हात धरला.

आम्ही बाहेर नदीकाठी एका बाकावर बसलो. ऊन होतं, लोक आइस्क्रीम खात होते.

"सांग," ती म्हणाली. मी सुरुवात करणार तेवढ्यात म्हणाली, "इंग्रजीत नको. इंग्रजीत मी विमानतळावर बोलते, पंचांशी भांडते. हे मला त्यात ऐकायचं नाही. माझी भाषा तुला येत नाही. तुझ्या भाषेत सांग."

"तुला कळणार नाही."

"मला कळलंय. कोणीतरी तोंडाने म्हणायला हवं."

इतकी वर्षं या देशात नातेवाइकांना वाईट बातम्या सांगितल्या, सगळ्या इंग्रजीत, मऊ करून. त्या वाक्यांपैकी एकही उपयोगाचं नव्हतं. मी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"सालोमे, तुझे यजमान गेले गं. लाटेत गेले. सापडले ते, हरवलेले नाहीत. तिथल्या माणसांनी त्यांना मातीत ठेवलं, नीट ठेवलं. एकटे नव्हते ते."

"तू" आणि "गं" कसं आलं तोंडात कळलं नाही. बहिणीला म्हणतात तसं. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"त्याचं नाव घे," ती म्हणाली.

"इओआने गेले."

"गेले," ती म्हणाली, अगदी आपल्यासारखं. मग तिच्या भाषेत बोलत राहिली, बराच वेळ, समोर पाण्याकडे बघून. मला एक शब्द कळला नाही. मी ऐकत राहिले. रडली ती नंतर, लोसा धावत आली आणि आमच्याकडे बघून थांबली तेव्हा. लोसाला तिने स्वतः सांगितलं.

३ ऑगस्ट, सोमवार

ऑकलंडहून मदतीच्या विमानात टीमला जागा मिळाली. हीथ्रोला निरोप द्यायला शशिधरही आला. एरवी तो विमानतळ टाळतो.

सालोमे सरळ त्याच्याकडे गेली. "तुम्ही त्या मास्तरांचा आवाज ऐकलात," ती म्हणाली. "मला सगळं सांगा. जसं ऐकलं तसं."

मला वाटलं, हा आता चुळबुळ करेल, माझ्याकडे बघेल. पण त्याने सामानाची ट्रॉली बाजूला केली आणि सांगितलं. आवाज आधी बारीक येत होता. मास्तरांनी विचारलं, तुमच्याबरोबर कोणी आहे का? मग म्हणाले, लिहून घ्या. नाव दोनदा. छप्पर अर्धं झालं होतं. लाटेची आरोळी आली तेव्हा इओआने शिडी धरून उभे होते आणि वरची दोन पोरं उतरून पळेपर्यंत त्यांनी शिडी सोडली नाही. ती पोरं वाचली, त्यांनीच हे सांगितलं. एवढं बोलून मास्तर थांबले.

हे शिडीचं त्याने मला सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी ठेवलं होतं.

"मग मी काहीतरी बोलायला हवं होतं," शशिधर म्हणाला. "मला सुचलं नाही. मी फक्त म्हटलं, मिळालं. आम्ही रेडिओवर तसंच म्हणतो. मला माफ करा."

सालोमेने त्याच्या गालावर हात ठेवला. "शिडी," ती म्हणाली. "त्याला घरी कधी साधा दिवा बदलायला सांगितला तर शिडी मी धरायची." आणि ती हसली, रडतच होती, पण हसली. शशिधरही. दोघं तिथे गर्दीत उभे राहून हसत होते, आणि लोक ट्रॉल्या वळवून त्यांच्या बाजूने जात होते.

मग लोसाने हाक मारली, आणि ती गेली.

परत येताना गाडी मी चालवली. शशिधरने बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. बेसिंगस्टोकची पाटी आली तेव्हा मी विचारलं, "मास्तरांचं नाव काय?"

त्याने सांगितलं. मग त्यांना किती मुलं, कुठला विषय शिकवतात, शाळेची कुठली भिंत पडलीय, तेही सांगितलं. घर आलं तरी त्याचं सांगून झालं नव्हतं. मी इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "बोल, मी ऐकतेय."